सातव्या बेंचचं गूढ

१

सोमवारी पहिल्या पाळीचे लोक कंपनीच्या बसमधून उतरून आत आले, आणि पाऊण तासात चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या त्या ब्रेकच्या कारखान्यात काहीतरी भलतंच घडल्याची बातमी गेटपर्यंत पोचली. शनिवारी संध्याकाळी विजेच्या मोठ्या दुरुस्तीसाठी सगळा कारखाना बंद केला होता. सोमवारी वीज आली, दिवे लागले, पंखे फिरले. ब्रेक तपासायच्या आठ बेंचपैकी चार मात्र काही केल्या उठेनात.

या बेंचची रचना थोडी विचित्र होती. ब्रेक तपासणारा प्रोग्रॅम फार जुना. तो जुन्या विंडोजवरच चालायचा, आणि तशी विंडोज चालवणारे संगणक आता मिळत नव्हते. म्हणून कारखान्याने लिनक्सचे संगणक घेऊन प्रत्येकाच्या पोटात एक खोटा संगणक बसवला होता. त्याला सगळे व्हर्च्युअल मशीन म्हणत. बाहेरचा संगणक खरा, आतला नुसता सॉफ्टवेअरचा. पण प्रोग्रॅमला त्यातला फरक कळत नसे. सोमवारी बाहेरचे आठही संगणक व्यवस्थित सुरू झाले. चौघांच्या पोटातलं मशीन तेवढं मेलेलं होतं. पडद्यावर एक काळी चौकट क्षणभर उघडायची आणि मिटायची.

बुधवारी दुपारी गोदाबाई मालकीणबाईंच्या, मीनाक्षी मॅडमच्या, खोलीत बसल्या होत्या. बँकेच्या दक्षता विभागात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती, आणि नोकरी सोडल्यावर चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या घरातूनच त्या कंपन्यांच्या अंतर्गत चौकशा करून द्यायच्या. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. घरात दोनशे वर्षांमागची मराठी, बाहेर तमिळ आणि कागदावर इंग्रजी, अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जायचा. संगणकातलं त्यांना ईमेलच्या पलीकडे काही कळत नव्हतं, आणि हे त्यांनी पहिल्याच वाक्यात मालकीणबाईंना सांगून टाकलं.

मीनाक्षी मॅडमना त्याची फिकीर नव्हती. वडिलांच्या मागे कारखाना त्यांनी एकटीने चालवला होता. त्यांना हवा होता तो माणूस. ज्या मोटार कंपनीला हे ब्रेक जात, तिचे तपासनीस येत्या सोमवारी यायचे होते. त्याआधी दोषी सापडला पाहिजे, नाहीतर कंत्राट जाईल. शनिवारी दुपारी पोलिसांत तक्रार द्यायची हे त्यांचं ठरलेलं होतं, आणि तक्रारीत नावही लिहून तयार होतं. गोदाबाईंनी फक्त पुरावा जोडून द्यायचा होता.

संगणक विभागाचे प्रमुख जनकोजीराव शेजारीच बसले होते. तेही तंजावरचेच. त्यांच्या आईला गोदाबाई लहानपणापासून ओळखत होत्या. जनकोजींनी सगळी हकिकत नीट सांगितली. अनय नावाचा कोल्हापूरचा मुलगा बेंचचे संगणक सांभाळायचा. बेंचवर ब्रेकच्या दाबाचा आलेख काढणारा एक छोटा प्रोग्रॅम त्याने केला होता. शुक्रवारच्या बैठकीत त्या प्रोग्रॅमबद्दल विभागाचं कौतुक झालं, अनयचं नाव निघालं नाही. अनयने तिथल्या तिथे राजीनामा दिला आणि सर्वांसमक्ष म्हणाला, माझ्याशिवाय हे बेंच चालवून दाखवा.

"आणि गेल्या महिन्याभरांत या संगणकांत काय बदललें?" गोदाबाईंनी विचारलं.

"कांही नाही, अक्का," जनकोजी म्हणाले. "तपासणीच्या संगणकाला हात लावायचा तर मोटार कंपनीची लेखी परवानगी लागते. कोण्ही हात लावला नाही. अनय सोडून."

मग त्यांनी कॅमेऱ्याचं चित्र दाखवलं. शनिवारची संध्याकाळ, वीज जायच्या थोडं आधी. रिकाम्या शेडमध्ये अनय आत येतो, पाच नंबरच्या बेंचपुढे बसतो, कीबोर्ड पुढे ओढतो. बराच वेळ तसाच बसून राहतो, आणि निघून जातो.

सोमवारी जे मेले त्यांत पाच नंबर होता.

२

अनय पूनमल्लीला एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहत होता. गोदाबाई जिना चढून गेल्या तेव्हा त्याची बॅग अर्धी भरलेली होती. कारखान्याच्या गेटवर त्याला मज्जाव होता आणि कारखान्यातलं कुणी फोन उचलत नव्हतं. या बाई मराठी बोलतात हे ऐकून तो आधी चमकला, आणि त्यांची मराठी ऐकून आणखीच चमकला.

त्याने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग उभ्यानेच सांगून टाकलं की आपण काही केलेलं नाही, आणि हे कुणाला पटणार नाही हेही आपल्याला माहीत आहे. काय बिघडलंय ते तरी मला कुणी सांगेल का, असं त्याने विचारलं. बेंच बंद आहेत एवढंच त्याच्या कानावर होतं.

गोदाबाईंनी उत्तर दिलं नाही. चौकशीत आधी आपण ऐकायचं, ही त्यांची जुनी शिस्त होती. त्यांनी शनिवार संध्याकाळचं विचारलं.

"शनिवारीं तूं पांच नंबरपुढें बसला होतास. मीं पाहिलें आहे. कशास गेला होतास?"

"पुसायला," अनय म्हणाला.

"काय पुसायला?"

"माझा आलेखाचा प्रोग्रॅम. माझं नाव घेत नाहीत ना, मग माझी वस्तूही ठेवायची नाही, असं डोक्यात होतं." तो खाटेच्या कडेवर टेकला. "पाच नंबरवर धनलक्ष्मी अक्का असतात. तो आलेख त्यांच्यासाठीच केला होता. पूर्वी आकड्यांच्या रांगा बघून बघून त्यांचं डोकं दुखायचं. बोट ठेवलं होतं कीवर. नाही पुसला. उठलो आणि आलो."

"हें जनकोजींस कां सांगितलें नाहीस?"

तो कडवट हसला. पुसायला गेलो होतो पण पुसलं नाही, असं सांगितल्यावर त्यातला पहिला अर्धाच लोकांच्या लक्षात राहील, असं तो म्हणाला.

गोदाबाईंना ते खरं वाटलं. पण आपल्याला खरं वाटलं म्हणून बँकेत त्यांनी कधी कुणाला सोडलं नव्हतं आणि खोटं वाटलं म्हणून कुणाला अडकवलंही नव्हतं. जिना उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "गांव सोडून जाऊं नकोस. गेलास तर मज तुझें कांही करतां येणार नाही."

३

गुरुवारी त्या सकाळच्या बसनेच कारखान्यात गेल्या आणि शेडमध्ये एका स्टुलावर ठाण मांडून बसल्या. कुणाला काही न विचारता तासभर नुसतं पाहत राहिल्या.

एक, दोन आणि तीन नंबरचे बेंच चालत होते. ते सगळ्यात जुने. त्यांचे संगणकही जुनाट आणि धुळीने माखलेले. चार, पाच, सहा आणि आठ मेलेले. हे गेल्या वर्षी घेतलेले, चकचकीत आणि महाग. आणि मेलेल्यांच्या ओळीत मधोमध सात नंबर मात्र खुशाल चालत होता. तोही गेल्या वर्षीचाच, त्याच खेपेतला, त्याच बनावटीचा.

सात नंबरवर ऊर्मी नावाची पुण्याची इंजिनियर काम करत होती. नव्या ब्रेकच्या चाचण्या तिच्याकडे होत्या. तिने गोदाबाईंना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे, सोमवारी जनकोजींनी मालकीणबाईंच्या तिजोरीतली सीडी मागवली. तिच्यात व्हर्च्युअल मशीनची मूळ प्रत होती, वर्षभरात कुणी हात न लावलेली. ती चार नंबरवर घातली, तर तीही उठली नाही. दुसरी गोष्ट, अनय असं काही करणार नाही.

दुसरी गोष्ट गोदाबाईंनी बाजूला ठेवली. पहिलीत मात्र त्या अडकल्या. तिजोरीतली प्रत अनयने पाहिलीही नव्हती. मग ती का मरावी?

जेवणाच्या सुट्टीत जनकोजींनी त्यांच्यासाठी ताक मागवलं आणि आवाज खाली आणून बोलले. अनयने बाहेरच्या संगणकातच खोल कुठेतरी काही पेरलं असणार, त्यामुळे आत कोणतीही प्रत घातली तरी मरते, असं त्यांचं म्हणणं होतं. चारही संगणक पुसून सगळं नव्याने घालायलाही मोटार कंपनीची परवानगी लागणार होती, म्हणून त्यांचे हात बांधलेले होते. मग त्यांनी ऊर्मीकडे मान वळवली.

"त्या दोघांची मैत्री सगळ्या कारखान्यास ठाऊक आहे, अक्का. सगळे नवे बेंच मेले, आणि तिचा तेवढा जगला. हें कसें, तें तुम्हीच तिला विचारा."

गोदाबाईंनी ताकाचा पेला खाली ठेवला. प्रश्न वाकडा होता, पण बरोबर होता.

४

ऊर्मीला त्यांनी तो प्रश्न जसाच्या तसा विचारला. मुलीचा चेहरा उतरला. तिला ठाऊक नव्हतं. गेले चार दिवस तीही हाच विचार करत होती, आणि आपल्यावरही बोट रोखलं जाईल म्हणून कुणाशी बोलली नव्हती. गोदाबाईंनी तिला सांगितलं की या शेडमध्ये घाबरून गप्प बसलेली माणसं आता पुरे झाली. तुला चोर ठरवायचं असेल तर ते पुराव्यावर ठरेल. तोवर माझ्या प्रश्नांची उत्तरं दे.

त्यांचा पहिला प्रश्न इतका साधा होता की आजवर तो कुणी विचारलाच नव्हता. पाच नंबरमधलं मेलेलं मशीन उचलून जिवंत बेंचमध्ये ठेवता येईल का?

ते करता येत होतं. आतलं मशीन म्हणजे शेवटी एक मोठी फाइलच. ऊर्मीने ती पाच नंबरवरून हार्ड डिस्कवर घेतली आणि धुळीने माखलेल्या दोन नंबरवर चढवली. दोघी उभ्या राहून पाहत होत्या. काळी चौकट उघडली, आणि मिटली नाही. जुनी विंडोज सावकाश वर आली. मागोमाग तपासणीचा प्रोग्रॅम उघडला, आणि त्याच्या कोपऱ्यात ब्रेकच्या दाबाचा हिरवा आलेख डोलू लागला.

मागे उभ्या असलेल्या धनलक्ष्मीने तमिळमध्ये अनयचं नाव घेतलं. हा आमच्या तंबीचा, धाकट्या भावाचा आलेख, असं ती म्हणाली.

गोदाबाईंच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम जागेवर बसल्या. सूडाने पेटलेल्या माणसाने सगळ्यात आधी हा आलेख पुसला असता. तो इथे होता. अनय खरं बोलला होता. आणि मेलेलं मशीन मेलेलंच नव्हतं. तिजोरीतली नवी कोरी प्रत त्या खोलीत, म्हणजे त्या बाहेरच्या संगणकात, गेली की मरते, आणि मेलेलं म्हटलं ते दुसऱ्या खोलीत आणलं की उठून बसतं. म्हणजे घाव माणसावर नव्हता. दोष खोलीत होता.

"तर आतां मज सांग," त्यांनी ऊर्मीला विचारलं, "नव्या संगणकांत असें काय आहे, जें जुन्यांत नाही?"

ऊर्मीने विचार केला. वेग, जास्त मेमरी. आणि हो, प्रोसेसरमध्ये एक खास सुविधा. पोटात दुसरा संगणक चालवायचा तर जुन्या प्रोसेसरवर सगळी कसरत सॉफ्टवेअरला करावी लागते. नव्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी वेगळी सोय मुद्दाम घडवलेली असते. ती वापरली की आतलं मशीन चपळ चालतं. जुन्या तिघांत ती नाही.

"म्हणजे जिथें ती सोय आहे तेथें मरण, आणि जिथें नाही तेथें सुखरूप."

"पण काकू, सातमध्ये ती आहे ना," ऊर्मी म्हणाली. "तोच प्रोसेसर आहे. सातही मरायला हवा होता."

गाडी पुन्हा तिथेच येऊन अडली. गोदाबाईंनी वळून धनलक्ष्मीला विचारलं, की सात नंबरमध्ये आणि बाकीच्यांत तुला काही वेगळं दिसतं का. धनलक्ष्मी कधीमधी सातवर पाळी करायची. तिने खांदे उडवले. वेगळं काही नाही, पण उन्हाळ्यात त्याचा मदरबोर्ड जळला होता आणि कंपनीचा माणूस येऊन नवा बसवून गेला, तेव्हापासून सात जरा मंद चालतो. तक्रार केली होती, कुणी लक्ष दिलं नाही.

ऊर्मी थेट सातपाशी गेली. संगणक बंद केला, पुन्हा चालू करताना एक की दाबून धरली, आणि निळ्या पडद्यावरची बायोसची, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगची, यादी एकेक ओळ वाचत खाली गेली. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. मदरबोर्ड कारखान्यातून निघतो तेव्हा ती खास सुविधा बंद ठेवलेली असते. बाकीच्या संगणकांवर अनयने गेल्या वर्षी स्वतः ती चालू केली होती. या नव्या बोर्डावर ती चालू करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सातच्या प्रोसेसरमध्ये सोय होती, पण दाराला कुलूप होतं.

"चालूं कर," गोदाबाई म्हणाल्या.

ऊर्मीने त्यांच्याकडे पाहिलं. चालणारा तो एकच नवा बेंच होता.

"चालूं कर. मी जबाबदार."

ऊर्मीने ती ओळ बदलली. संगणक पुन्हा सुरू झाला. काळी चौकट उघडली आणि मिटली.

सात नंबर मेला.

५

शुक्रवारी सकाळी गोदाबाई मीनाक्षी मॅडमच्या खोलीत शिरल्या आणि अनयला आत येऊ द्यावं असं त्यांनी सांगितलं. मॅडमनी साफ नकार दिला. गोदाबाईंनी शांतपणे आदल्या दिवशीची सगळी हकिकत तमिळमध्ये सांगितली. सात मेला, आणि कुलूप पुन्हा लावल्यावर तो उठला, इथपर्यंत. मग म्हणाल्या की उद्या दुपारी तक्रार द्यायचीच असेल तर द्या, पण माझी सही तिच्यावर असणार नाही, आणि का नाही ते मी तुमच्या मोटार कंपनीच्या माणसांनाही सांगेन. मॅडमनी गेटवर फोन केला.

दहाच्या सुमाराला सगळे चार नंबरच्या बेंचभोवती उभे होते: मीनाक्षी मॅडम, जनकोजी, ऊर्मी, धनलक्ष्मी, आणि दाढी वाढलेला अनय. गोदाबाईंनी आपल्याला कळलं तेवढं मांडलं. मारेकरी जो कुणी असेल, त्याला ती खास सुविधा लागते. जिथे ती नाही तिथे त्याला पाय ठेवायला जागाच नाही. पण वर्षभर ती सुविधा आणि आतलं मशीन गुण्यागोविंदाने नांदत होती. सोमवारीच असं काय झालं? सोमवारी एकच गोष्ट झाली. तीन पाळ्यांत चालणारे हे संगणक एरवी महिनोन्‌महिने बंद होत नाहीत. वीज गेली म्हणून ते बंद झाले आणि पुन्हा सुरू झाले.

"तर माझा प्रश्न असा," त्या अनयकडे वळल्या. "संगणक सुरू होतांना तुझ्या मशीनच्या आधीं येऊन ती सोय बळकावून बसेल, असें दुसरें कोण आहे?"

अनयला विचार करायला वेळ लागलाच नाही. "कर्नल," तो म्हणाला, आणि मग स्वतःच थबकला. "पण आपला कर्नल जुना आहे. त्यात ते होत नाही."

कर्नल म्हणजे काय, ते त्याने मॅडमना सांगितलं: लिनक्सचा गाभा, संगणक सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा आणि प्रोसेसरशी थेट बोलणारा. अलीकडच्या कर्नलमध्ये व्हर्च्युअल मशीन चालवायची स्वतःचीच एक यंत्रणा आली आहे. काही ठिकाणी ती मुळातच चालू ठेवून देतात, कुणी मागितलेली नसली तरी. संगणक सुरू झाला की ती उठते आणि प्रोसेसरची ती सुविधा हातात धरून ठेवते. सुविधा एका वेळी एकालाच मिळते. मग आपलं मशीन येतं, दार बंद बघतं आणि माघारी जातं. तसा निरोपही ते देतं, पण कामगारांना नको ते दिसू नये म्हणून सगळे निरोप लपवून ठेवायचे असं ठरलं होतं. "पण त्यासाठी कर्नल नवा लागतो," तो पुन्हा म्हणाला. "आणि नवा घातला तरी रीस्टार्ट होईपर्यंत तो नुसता पडून राहतो. जुनाच चालू असतो."

बोलता बोलता त्याचा आवाज मंदावला. आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर कळलं होतं.

ऊर्मीने खाली वाकून चार नंबरच्या कीबोर्डवर एक छोटा शब्द टाइप केला. पडद्यावर कर्नलचा आकडा उमटला. तो नवा होता.

गोदाबाई जनकोजींकडे पाहत नव्हत्या. त्यांनी अनयला एवढंच सांगितलं, की आधी दुरुस्त करून दाखव. अनयने मॅडमकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. त्याने कर्नलच्या त्या यंत्रणेला जागा सोडायला लावणारी एक ओळ लिहिली, एक की दाबली, आणि आतलं मशीन सुरू केलं. काळी चौकट उघडली आणि उघडीच राहिली. धनलक्ष्मी न थांबता पाच नंबरकडे चालू लागली आणि तिथून तिने अनयला हाक मारली.

"कर्नल आपला आपण नवा होतो?" मीनाक्षी मॅडमनी इंग्रजीत विचारलं.

नाही, अनय म्हणाला. कुणीतरी घालावा लागतो.

६

जनकोजींनी तिथे काही सांगितलं नाही. दुपारी ते गोदाबाईंना दिलेल्या खोलीत आले, दार लावून घेतलं, आणि समोर बसले. पंधरा-वीस दिवसांमागे लिनक्समधल्या एका धोक्याची सूचना आली होती. बाहेरून कुणी शिरू शकेल असा तो धोका होता. परवानगी मागितली असती तर मोटार कंपनीने दोन महिने लावले असते. त्यांनी आपल्या टेबलावरूनच आठही संगणकांवर अपडेट घातलं. काही बिघडलं नाही. दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. म्हणून सोमवारी त्यांच्या मनात त्याचा नि याचा संबंध आलाच नाही, अशी त्यांनी शपथ घेतली.

गोदाबाईंचा त्यावर विश्वास बसला. ठाऊक असतं तर त्यांनी गुपचूप दुरुस्त केलं असतं; बेंच बंद ठेवून त्यांचा काही फायदा नव्हता.

"मग कांही बदललें नाही, असें कां म्हणालां?"

परवानगीवाचून बदल केला हे उघडं झालं तर दोन आठवड्यांत तपासलेला प्रत्येक ब्रेक मोटार कंपनी परत पाठवेल, असं त्यांना वाटलं होतं. कारखाना बुडाला असता. गोदाबाईंनी जनकोजींना सकाळचंच आठवून दिलं: रीस्टार्ट होईपर्यंत जुनाच कर्नल चालत होता. त्या दोन आठवड्यांतले ब्रेक परवानगी असलेल्या जुन्या संगणकावरच तपासले गेले होते. लपवण्यासारखं त्यात फार थोडं होतं. सोमवारी सकाळी तुम्ही एक वाक्य खरं बोलला असता, तर ते ऐकून अनयने दहा मिनिटांत उत्तर दिलं असतं. कर्नल बदलल्याचं तुम्हाला ठाऊक होतं, कर्नल काय करतो ते त्याला ठाऊक होतं, आणि त्याला तुम्ही गेटबाहेर ठेवलंत.

"अक्का," जनकोजी म्हणाले, "कारण सांपडलें. मुलगा सुटला. माझें नांव अहवालांत नको. आईस कळलें तर ती मज घरांत घेणार नाही. आपण एका घरचीं माणसें."

त्यांच्या आईच्या हातचं गोदाबाई लहानपणी कितीदा तरी जेवल्या होत्या. या माणसाला त्यांनी अंगणात रांगताना पाहिलं होतं. त्यांना तो प्रश्न सोपा गेला नाही. पण उत्तर त्यांना ठाऊक होतं, आणि ते देण्यात त्यांनी वेळ घालवला नाही.

"मी लिहिणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही मुद्दाम कोणाचें वाईट केलें नाही, हेंही लिहिणार. पण पोलिस त्या मुलाच्या दारीं गेले असते, तरी तुम्ही बोललां असतां का, याचें उत्तर माझ्यापाशीं नाही. तुमच्यापाशीं आहे?"

जनकोजी दार उघडून निघून गेले.

शनिवारी सकाळी अहवाल वाचून मीनाक्षी मॅडमनी एका नावावर बोट ठेवलं. इथे 'संगणक विभाग' लिहिलं तर चालणार नाही का, त्यांनी विचारलं. मोटार कंपनीला माणसाच्या नावाशी काय करायचंय. गोदाबाईंनी पिशवी खांद्याला लावली होती, ती पुन्हा खाली ठेवली. नुसत्या संशयावर अनयचं नाव लिहायला तुमच्या कागदावर जागा होती, त्या म्हणाल्या. पुराव्यानिशी सिद्ध झालेल्या नावालाही ती असली पाहिजे. मॅडमनी पान उलटलं आणि सही केली. मग मोटार कंपनीला फोन त्यांनी स्वतःच लावला, सगळं सांगितलं, आणि पलीकडचा माणूस अर्धा तास रागावत होता ते निमूट ऐकून घेतलं.

कंत्राट राहिलं. अनयला राजीनामा मागे घे म्हणून दोनदा विनवलं, पण त्याने घेतला नाही. महिनाभर थांबून ऊर्मीला सगळं शिकवलं आणि पुण्याला गेला. तक्रारीचा मसुदा आपल्यासमोर फाडावा एवढीच त्याची मागणी होती, आणि मॅडमनी तो फाडला. जनकोजींचं प्रमुखपद गेलं, नोकरी राहिली.

आवणी या तमिळ महिन्यात नुंगंबाक्कमला नात्यातलं लग्न होतं. आपल्याच माणसाला बुडवणारी बाई, हे शब्द गोदाबाईंच्या पाठीमागे दोनदा उच्चारले गेले, आणि दोन्ही वेळा त्यांनी ते ऐकले. पंक्ती बसत होत्या. केळीच्या पानांची रांग भरत आली होती, आणि कुणी त्यांना बसा म्हणेना. त्या सरळ चालत रांगेच्या शेवटाकडे गेल्या. तिथे जनकोजी बसले होते, पलीकडे त्यांची म्हातारी आई. जनकोजींनी वर पाहिलं. मग म्हातारीने मुलाच्या दंडाला कोपर लावलं, आणि तो सरकला.

गोदाबाई त्या दोघांच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी पानावर पाणी शिंपडलं.